काच पुसणाऱ्याची मूठ

"ताई, तुझा तो मनगटाचा पट्टा कुठून घेतला होतास?"

धाकट्याचा हा फोन मार्चमध्ये आला. धाकट्या म्हणजे माझा मावसभाऊ. खरं नाव अर्थातच वेगळं आहे, पण घरात सगळे त्याला धाकट्याच म्हणतात आणि इथेही तेच राहू दे. नाहीतरी या अंकाचे निम्मे वाचक त्याला ओळखतात आणि उरलेले निम्मे त्याच्या आईवडिलांना.

मला वाटलं, मावशीसाठी विचारतोय. तर स्वतःसाठीच. रात्री दोन-अडीचला जाग येते, उजव्या हाताच्या अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या आलेल्या असतात, हात झटकला की थोडं बरं वाटतं. सकाळी चहाचा कप उचलताना मनगटात कळ येते. ही सगळी यादी मला पाठ आहे. चार वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टच्या शेवटच्या दोन महिन्यांत मी रोज बारा-बारा तास माउस धरून बसले होते, तेव्हा माझंही असंच सुरू झालं होतं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटांच्या शिरा आणि एक मज्जातंतू असे दाटीवाटीने जातात. मनगट वाकवून ठेवलं आणि वर मूठ घट्ट आवळली की तिथला दाब वाढतो, आणि मग तो मज्जातंतू रात्री तक्रार करतो. मला डॉक्टरांनी रात्रीचा पट्टा दिला, मी उभा माउस घेतला आणि प्रकरण आटोक्यात आलं.

"पट्टा नंतर, आधी डॉक्टर," मी म्हटलं. "आणि येताना तुझं सामान घेऊन ये."

सामान म्हणजे काय, ते सांगायला हवं. धाकट्या काचा पुसतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शोरूमच्या, आणि हल्ली दोन-तीन घरांच्याही. बी.कॉम. झाला, तीन वर्षं एमपीपीएससीची तयारी केली, तीनदा परीक्षा दिली, तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेतच अडकला आणि गेल्या वर्षी एके दिवशी सगळी पुस्तकं बांधून त्याने माळ्यावर टाकली. एका मित्राच्या मोबाइलच्या दुकानाची काच पुसून द्यायला म्हणून गेला, शेजारच्या दुकानदाराने "हमारा भी कर दो" म्हटलं, आणि तिथून हे सुरू झालं. मार्चपर्यंत त्याच्याकडे महिन्याला बांधलेली अकरा दुकानं होती.

आता आपल्या घरांमध्ये हे किती कठीण आहे, ते तुम्हाला मी काय सांगू. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरहून गेली आणि भोपाळला आली, तेव्हा फायलींबरोबर जी कारकून मंडळी इकडे आली त्यात माझे आजोबाही होते. टी. टी. नगरचं सरकारी क्वार्टर, मग भेलमध्ये किंवा सचिवालयात लागलेली पुढची पिढी, मग अरेरा कॉलनीत किंवा कोलार रोडला स्वतःचं घर. बहुतेकांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. त्या गोष्टीत काच पुसणारा मुलगा कुठे बसत नाही. काका (म्हणजे धाकट्याचे बाबा) सरकारी खात्यातून निवृत्त झाले आहेत. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी फक्त त्या विषयावर बोलणं बंद केलं. म्हणून मनगटाचं दुखणं घरी सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर "बघ, म्हणूनच म्हणत होतो" एवढंच ऐकावं लागलं असतं.

(हे सगळं लिहू का, असं धाकट्याला विचारलं. "लिही, पण रेट लिहू नकोस," म्हणाला. काकांना विचारलेलं नाही.)

तर सामान. एक बादली, एक स्पंज, दोन जुने टॉवेल आणि एक वायपर. न्यू मार्केटमध्ये दीड-दोनशेला मिळतो तसला, एकसंध प्लास्टिकचा, मूठ बोटभर जाड. खालची रबराची पट्टी उन्हाने कडक झालेली, कडेला दोन ठिकाणी तुटलेली. मी त्याला आमच्या बाल्कनीचं सरकतं दार पुसून दाखवायला सांगितलं आणि मागे उभी राहिले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची ती सवय आहे. कोणी म्हणालं चालत नाही, की आम्ही म्हणतो, माझ्यासमोर करून दाखव.

वरपासून खाली ओढताना पहिल्या दोन फुटांत त्याचं मनगट सरळ होतं. छातीच्या खाली आल्यावर मात्र पट्टी काचेला चिकटून राहावी म्हणून त्याला मनगट आतल्या बाजूला मुडपावं लागत होतं, आणि रबर कडक असल्यामुळे वरून जोर द्यावा लागत होता. मूठ बारीक आणि साबणाने बुळबुळीत, म्हणून ती आवळून धरावी लागत होती. म्हणजे वाकलेलं मनगट, आवळलेली मूठ आणि वर दाब. माझ्या माउसच्या तिन्ही चुका एका दोनशे रुपयांच्या प्लास्टिकमध्ये सापडल्या.

मग मी हिशोब मांडला. सहा फूट उंच, चार फूट रुंद काच. चौदा इंचाची पट्टी, प्रत्येक ओढीत दोन इंच आधीच्या ओढीवर चढवायची, म्हणजे कामाचे बारा इंच. एका काचेला चार ओढी. दिवसाला साठ काचा धरल्या तर दोनशे चाळीस. त्याशिवाय पाणी लावण्याचे हात वेगळे. पाणी लावायला मनगट हवं तसं फिरवता येतं, ते एवढं नडत नाही. पण दोनशे चाळीस वेळा तोच वाकडा हात, आठवड्यातले सहा दिवस.

"म्हणजे हत्था बदलायचा?" धाकट्या म्हणाला. आपण भोपाळी मराठी बोलतो, त्यात हा हत्था पक्का बसला आहे. मराठीत याला दोन शब्द आहेत आणि या कामात दोन्ही लागतात. हातात मावते ती मूठ, आणि झाडूला किंवा कुदळीला असतो तो दांडा. काच पुसायच्या चांगल्या अवजाराला मूठ असते आणि उंच काचेसाठी त्या मुठीच्या मागच्या भोकात दांडा बसतो. पुढे हा फरक फार कामाला आला.

धंदेवाईक लोक वापरतात त्या अवजाराला इंग्रजीत स्क्वीजी म्हणतात. हा शब्द मूळचा जहाजावरचा. डेकवरचं पाणी ओढायचं अवजार म्हणून तो मेलव्हिलच्या १८५१ च्या 'मोबी-डिक' या कादंबरीतही येतो. म्हणजे तिकडेही आधी फरशीचा वायपर आणि मग काचेचा. खिडक्यांसाठी पूर्वी जे वापरत ते जड लोखंडी होतं, रबराच्या दोन पट्ट्या आणि त्या बदलायच्या तर डझनभर स्क्रू काढायचे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये एत्तोरे स्तेक्कोने नावाचा एक इटालियन माणूस खिडक्या पुसायचं काम करायचा. त्याने १९३६ साली हलकी पितळी मूठ, पितळी पन्हळ आणि तिच्यात सरकवायची एकच लवचीक, धारदार रबरी पट्टी असं अवजार बनवून त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या पहिल्या नावाची, म्हणजे एत्तोरे या नावाची, कंपनी आजही तीच वस्तू विकते. नव्वद वर्षांत अवजाराचे भाग तेच राहिले आहेत. मूठ, पन्हळ, रबर. मला यातली आवडलेली गोष्ट ही की ते एखाद्या कारखान्यातल्या इंजिनियरला सुचलं नाही. ज्याचा हात दिवसभर त्या लोखंडाखाली होता त्यालाच सुचलं.

ही गोष्ट वाचून मी इतकी भारावले की दुसऱ्या दिवशी एक पितळी मूठ मागवून टाकली. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

त्याआधी आम्ही हमीदिया रोडवर गेलो. दोन दुकानांत फरशीचे वायपर दाखवले. तिसऱ्यात हाउसकीपिंगचं सामान होतं, पण काउंटरवरच्या काकांचं मत ठाम होतं: "बेटा, वाइपर तो वाइपर है. रबड़ अच्छा होना चाहिए." आम्ही हसलो. नंतर कळलं की अर्धं उत्तर तेच होतं. दोन मुठी तिथे मिळाल्या आणि माझी पितळी आली, अशा तीन झाल्या. तिन्हींची पन्हळ वेगवेगळी. इथे पहिला धडा. एका कंपनीची मूठ दुसऱ्या कंपनीच्या पन्हळीला बसेलच असं नाही, म्हणून मूठ आणि पन्हळ दुकानातच एकमेकांत अडकवून, हलवून बघायची. ऑनलाइन घेणार असाल तर दोन्ही एकाच घरच्या घ्या.

तीन मुठी अशा होत्या. एक पितळी, आखूड, दोन स्क्रूंनी जबडा आवळायची. एक स्टीलची, वर रबराचं वेष्टन, खटका दाबला की जबडा उघडणारी. आणि एक प्लास्टिक-रबराची, जिची मान डावी-उजवीकडे वळते.

मी अर्थातच एक्सेल शीट केलं. वजन (स्वयंपाकघरातल्या काट्यावर), लांबी, जाडी, किंमत, पन्हळ बदलायला लागणारे सेकंद. जाडीसाठी संदर्भ म्हणून अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्याच्या संस्थेची हाताच्या अवजारांवरची २००४ ची पुस्तिका उघडली. तिच्यात म्हटलंय की जोर लावून धरायच्या एकदांडी अवजाराची मूठ सव्वा ते दोन इंच व्यासाची असावी, ती घसरू नये, तिला धारदार कडा किंवा बोटांसाठी कोरलेल्या खाचा नसाव्यात, आणि मनगट सरळ राहील असा तिचा कोन असावा. खाचांचं वाचून मला आश्चर्य वाटलं, कारण दुकानात खाचा असलेली मूठ आरामदायी म्हणून विकतात. पण त्या खाचा कोणाच्या बोटांच्या मापाच्या? माझ्या बोटांना त्या लांब पडतात आणि धाकट्याच्या बोटांना जवळ. मग प्रत्येक बोट उंचवट्यावर बसतं आणि तिथेच टोचतं.

शीटमध्ये पितळी मूठ पहिली आली. दणकट, दुरुस्त करता येणारी, आणि मी मान्य करते, सुंदर. वजनाने ती सगळ्यात जड होती, पण मी तेही गुणांत धरलं होतं. अवजाराच्या वजनानेच पट्टी काचेवर दाबली जाईल, हाताला जोर कमी लागेल, असा माझा तर्क होता.

धाकट्याने तिन्ही मुठी बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवल्या आणि एकेक करून हातात घेतल्या. पितळी मूठ त्याने दहा मिनिटांत खाली ठेवली. "ताई, कोरड्या हाताने छान आहे. ओल्या हाताने मासळी आहे." वजनाचंही त्याचं म्हणणं वेगळं निघालं. काच उभी असते, अवजाराचं वजन खाली ओढतं, काचेकडे ढकलत नाही. म्हणजे खाली येताना वजन कामाला येतं खरं, पण तेच वजन दोनशे चाळीस वेळा परत वर न्यायचं असतं. बी.ई. झालेल्या बाईला हे बी.कॉम.वाल्याने सांगावं! शिवाय मे महिन्यात पश्चिमेच्या काचेवर काम करताना उघडा धातू बादलीजवळ दोन मिनिटं ठेवला तर पुन्हा उचलवत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

स्टीलच्या मुठीला रबराचं वेष्टन होतं, त्यामुळे ती जाड भरत होती आणि ओल्या हातातही आवळावी लागत नव्हती. धंदेवाईक मुठी पुस्तिकेतल्या सव्वा इंचापेक्षा बहुधा बारीकच असतात, कारण हे अवजार मुळात बोटांत सैल धरून वापरायचं असतं. पण सैल धरायला शिकण्यासाठी आधी ते घसरत नाही याची खात्री हाताला व्हावी लागते. खटक्याचा फायदा आम्हाला नंतर लक्षात आला. भोपाळच्या बाजारात एका दुकानाला अखंड काच असते आणि शेजारच्या दवाखान्याला फूटभर रुंदीच्या तावदानांची खिडकी. पन्हळ अठरा इंचाची काढून दहाची लावायला स्क्रू असलेल्या मुठीला पाना आणि दोन मिनिटं लागतात, खटक्याला पाच सेकंद.

वळत्या मानेच्या मुठीवर आमचं सर्वांत जास्त बोलणं झालं. खाली येताना ज्या ठिकाणी मनगट मुडपत होतं, तिथे मान आपोआप वळते आणि मनगट सरळ राहतं. काचेवर नागमोडी फिरवत, पट्टी न उचलता एका दमात काच पूर्ण करायची एक पद्धत आहे, त्याची चित्रफीत तुम्ही पाहिली असेल, बघताना फार गंमत वाटते. त्या पद्धतीलाही ही मान बरी पडते. पण तिच्यात एक तोटा आहे. पट्टीची कड काचेला कितपत टेकली आहे, हे घट्ट मुठीतून बोटांना लगेच कळतं, वळत्या मानेतून तेवढं कळत नाही. आणि सांधा म्हटला की तो कधीतरी ढिला होणारच. धाकट्या म्हणाला, हातात घट्ट मूठ बरी आणि उंच दांड्यावर वळती. दांड्याच्या टोकाला मनगट नसतंच, तिथे वळायचं काम मानेनेच करायला हवं.

दांड्याचं एक महत्त्वाचं. मुठीच्या मागच्या निमुळत्या भोकात दांड्याचं टोक नुसतं दाबून बसवायची पद्धत आहे. ते ओलं झालं आणि वर झटका बसला की मूठ पन्हळीसकट निसटते. पहिल्या मजल्यावरून पितळ किंवा स्टील खाली आलं तर खालच्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून टोकाला खटका किंवा पेच असलेलाच दांडा घ्यायचा, आणि दांडा-मूठ एकमेकांना बसतात का ते बघूनच. शिडीवर काम असेल तर मुठीला दोरी बांधून ती पट्ट्याला अडकवायची. दोरावरून लटकून करायची कामं धाकट्या घेत नाही, ती वेगळी विद्या आहे आणि तिचं वेगळं प्रशिक्षण लागतं. जमिनीवरून दांडा पोहोचेल तेवढंच त्याचं काम. एम. पी. नगरच्या एका चार मजली इमारतीचं काम त्याने यासाठीच सोडलं. पैसे चांगले होते.

परदेशी माहितीत जी गोष्ट कुठेच सापडली नाही ती आपली ग्रिल. आपल्याकडे जुन्या घराच्या खिडकीला लोखंडी गज असतात, आणि बाहेरच्या बाजूची काच पुसायची तर हात गजातून बाहेर काढून पुसावी लागते. तिथे लांब मूठ अडकते आणि अठरा इंची पन्हळ तर बाहेरच जात नाही. त्यासाठी सहा इंची पन्हळ आणि तळव्यात मावेल एवढी आखूड मूठ लागते. माझी पितळी मूठ आखूडपणामुळे इथे कामाला येईल असं मी सुचवलं. धाकट्याने विषय बदलला.

आता त्या काउंटरवरच्या काकांचं अर्धं उत्तर. नवी मूठ, नवं रबर असं दोन्ही लावून पुसलं तेव्हा मनगटावरचा जोर एवढा कमी झाला की मला शंका आली. म्हणून जुन्याच वायपरमध्ये नवं रबर कापून बसवलं आणि पुन्हा बघितलं. निम्मा फरक रबरानेच पडला होता. रबराची कड काटकोनात, धारदार आणि मऊ असेल तर ती पाणी हलक्या हाताने ओढते. ऊन आणि हवा लागून रबर कडक होतं, कडेला बारीक चिरा पडतात, काचेवर रेघा राहायला लागतात आणि माणूस त्या रेघा घालवण्यासाठी आणखी जोर लावतो. रेघ दिसली की आपण मुठीला किंवा हाताला दोष देतो, पण बहुतेक वेळा ती कडेवर अडकलेल्या कणाची किंवा चिरेची असते. पट्टी काढून उलटी लावली की दुसरी कड नवी मिळते. दोन्ही कडा गेल्या की बदलायची. उन्हाळ्यात थोडं कडक रबर आणि थंडीत मऊ, असे दोन प्रकार मिळतात. पट्टी पन्हळीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहील अशी कापायची, नाहीतर चौकटीच्या कडेला पाण्याची रेघ सुटते.

आणि पाणी. कोलार रोडवर आमच्यासारखे बोअरवेलवर जगणारे हे जाणतात: काचेवर वाळलेला प्रत्येक थेंब पांढरा डाग सोडून जातो, कारण पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात. आई रद्दी पेपरने काच पुसायची तेव्हा काच कोरडी व्हायची खरी, पण वाळायच्या आत पूर्ण पाणी ओढून घेणं हे पट्टीचं काम. म्हणून उन्हाची काच सकाळी सातच्या आत, साबण अगदी थेंबभर. फेस फार झाला की तो ओढायला पुन्हा हाताला काम.

डॉक्टरांनी रात्रीचा पट्टा दिला आणि तीन आठवडे कमी काम करायला सांगितलं. त्याने दोन आठवडे पाळलं. त्या दोन आठवड्यांत आमच्या बाल्कनीच्या दारावर तो डाव्या हाताने ओढायला शिकला. पहिल्या दिवशी दार इतकं वाईट पुसलं गेलं की सासूबाईंनी येऊन विचारलं, पाऊस आला होता का. आता तो एक काच उजव्या हाताने, एक डाव्याने करतो. एप्रिलच्या शेवटी रात्रीच्या मुंग्या थांबल्या. मूठ, रबर, पट्टा की डावा हात, श्रेय कोणाला द्यायचं ते मला सांगता येणार नाही. आम्ही सगळंच एकदम बदललं, आणि माझ्या ऑफिसात कोणी असं केलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

मेमध्ये त्याला एम. पी. नगरमधलं एका कोचिंग क्लासचं काम मिळालं. तळमजला आणि पहिला मजला, रस्त्याकडची सगळी दर्शनी काच, तिच्यावर दर निकालानंतर चिकटवलेल्या आणि अर्धवट उपटलेल्या पोस्टरचा डिंक. हाच तो क्लास, जिथे धाकट्या तीन वर्षं जात होता. काम घ्यायचं की नाही यावर तो एक रात्र विचार करत बसला. मग घेतलं. रविवारी पहाटे पावणेसहाला मीही गेले, बादली धरायला. डिंक ओला करून पात्याने खरवडायचा, पुन्हा ओला करायचा, मग ओढायचं. साडेसातच्या सुमारास बॅचची मुलं यायला लागली. सव्वाआठला सर आले, जिन्याजवळ थांबले, बघत राहिले. त्यांनी ओळखलं. धाकट्या दांडा खांद्याला टेकवून उभा राहिला, मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. सर म्हणाले, "ऊपर वाली क्लास के पंखों के पीछे भी काँच हैं. वो भी गिन लेना." आणि आत गेले.

वरच्या वर्गात अकरा काचा निघाल्या. त्या बिलात धरल्या.

गणपतीत मंडळात कोणीतरी काकांना विचारलं, मुलगा काय करतो हल्ली. मी शेजारीच मोदकाची ताटली घेऊन उभी होते. काकांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "फॅसिलिटी मॅनेजमेंटमध्ये आहे." विचारणारे फारच खूश झाले, त्यांचा पुतण्या पुण्यात त्यातच आहे म्हणे.

धाकट्याने ठेवल्या त्या दोन मुठी. रबराच्या वेष्टनाची स्टीलची हातात, वळती दांड्यावर. वळतीची मान ऑगस्टमध्ये ढिली झाली, ती त्याने वॉशर घालून घट्ट केली. रबराची पट्टी आता तो तीस-तीस मीटर मागवतो. दिवाळी आली, घरांची कामं दुप्पट झाली आहेत, म्हणून दांडा धरायला त्याने एक मुलगा घेतला आहे. त्या मुलाला पहिल्या दिवशी तिन्ही प्रकारच्या मुठी ओल्या करून हातात दिल्या आणि बघत राहिला. मुलाने वळती उचलली.

पितळी मूठ मावशीकडे खिडकीत पडून होती. मागच्या रविवारी काकांनी ती उचलली, उलटीपालटी करून बघितली, स्क्रू फिरवून जबडा उघडला, मिटला.

"पितळ आहे का रे?"

"हो."

"काळं पडलंय. पितांबरी लाव जरा."

धाकट्या म्हणाला लावतो. अजून लावलेली नाही. चकचकीत केली की ती ओल्या हातात आणखी निसटेल, असं तो मला म्हणाला. काकांना मात्र त्याने ते सांगितलं नाही.